अण्णांचा पाच

रंग न दिलेली वस्तू मला बघवत नाही. हा माझा रोग आहे आणि त्याला औषध नाही. राजारामपुरीत माझं पेंटिंगचं दुकान. नंबरप्लेटा, दुकानांचे बोर्ड, ट्रकची फाळकी हा धंदा. धंद्यातून उरलेला रंग मी घरात खपवायचो. बायकोचं शिलाई मशीन पोपटी केलं. सासऱ्यांची काठी लाल-पिवळी केली, तेव्हापासून ते काठी घरात ठेवून लंगडत देवळात जायला लागले. दिवाळीच्या पाडव्याला गवळ्यांनी बोलवायच्या आधीच मी म्हशींची शिंगं रंगवायला डबा घेऊन हजर. म्हशी निदान नावं तरी ठेवत नाहीत. बायको म्हणायची, "एक दिवस झोपंतनं मीबी हिरवी हून उठणार बगा."

त्यात हात सरळ. पट्टी न लावता रेघ ओढतो, याचा गर्व इतका की गिऱ्हाईक नसलं तरी मी रेघा ओढून जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवायचो.

एकोणऐंशी सालची गोष्ट. आमच्या गल्लीत अण्णा नाईक राहायचे, माझे शाळेतले गणिताचे मास्तर. गणितात त्यांनी मला दरवर्षी आपटलं, पण आकडे वळणदार काढतो म्हणून एकदा फळ्यावर पाढे लिहायला उभं केलं. त्या एका शाबासकीवर मी पेंटर झालो. त्या वर्षी अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं हळूहळू परत आलं, उजवा हात मात्र लुळा राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, हात चालता ठेवा, नाहीतर कायमचा आखडेल. पण अण्णा हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचे. त्यांची मुलगी मीनाक्षीताई शाळेत शिकवायची आणि एकटीच त्यांचं सगळं करायची.

मुलगा माधव इंग्लंडात. त्यानं तिथल्या जुन्या बाजारातून विजेवर पळणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी पाठवल्या. काळ्या रस्त्याच्या मधोमध चर, चरीत मोटारीची खुंटी बसवायची आणि हातातलं बटण दाबायचं. जेवढं दाबाल तेवढी मोटार पळते. बोटाला व्यायाम व्हावा हा माधवचा हेतू. अण्णांना खेळ आवडला. एक दिवस ते ताईला म्हणाले, "ह्या पांढरीला नंबर न्हाय. ब्रश आण." आणि त्याच लुळ्या हातानं त्यांनी मोटारीच्या टपावर पाचाचा आकडा काढला.

ताई ती मोटार हातरुमालात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली. "जयसिंगराव, रंग निघायला नको. वरनं नुसतं वार्निश मारून द्या."

ती गेल्यावर मी रुमाल सोडला. पाचाचं पोट खिडकीवर ओघळलेलं, शेपूट बॉनेटपर्यंत गेलेलं. मला मास्तरांची दया आली. आयुष्यभर पोरांना वळण लावलं आणि हा काय पाच! मी त्यावर पांढरा हात मारला, झोकदार पाच काढला, आणि ब्रश हातात होताच म्हणून बाजूला लाल पट्टा, दारावर मोर आणि मागं 'आई अंबाबाई प्रसन्न' लिहिलं. बोटाएवढ्या मोटारीवर! मी स्वतःवरच इतका खूश झालो की दोन गिऱ्हाइकांना थांबवून दाखवली.

संध्याकाळी मी मोटार तशीच रुमालात गुंडाळून त्यांच्या घरी पोचवली. दुसऱ्या दिवशी ताई ती परत घेऊन दुकानात आली, ती डोळे लाल करूनच.

"काय सांगितलंतं मी तुम्हाला? अण्णांनी मोटार बघितली, म्हणाले, 'बेस झालंय. आता बाकीच्याबी जयसिंगालाच दे.' आणि ब्रश ठेवून दिला. बटणाला हात लावंनात. परत मांडीवर हात आणि खिडकी."

माझ्या कामाला कुणी बेस म्हटलेलं आयुष्यात पहिल्यांदाच मला नको झालं. "ताई, पाच पयल्यासारखा करून देतो," मी म्हणालो. रंग काढायचं काम मी जन्मात केलं नव्हतं. मला फक्त चढवता येतो.

फडक्याला थिनर लावून घासलं, तर रंगाआधी पुढचा बंपरच मऊ पडला. प्लॅस्टिक थिनरला भितं, हे मला तेव्हा कळलं. मग शिरोली एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या मेस्त्रीनं सांगितलं, ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेव. ठेवली. सकाळी रंगाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या. जुन्या टूथब्रशनं हलकेच घासलं. मोर गेला, पट्टा गेला, अंबाबाईची मनातल्या मनात माफी मागितली. माझा पाच गेला. आणि त्याच्याबरोबर खालचा अण्णांचाही गेला. कुठला रंग कुणाचा, ते ब्रेक ऑइलला काय कळतंय? कळायला मला हवं होतं.

आता एकच वाट उरली: वाकडा पाच मीच काढायचा. डाव्या हातानं काढला, तरी झोकदार. डोळे मिटून काढला, मोटारीबाहेर गेला. बायकोला माझं कोपर हलवायला सांगितलं, तर तिनं असं हलवलं की रंग माझ्या मिशीला लागला. "रोज न सांगता वाट लावताय की," ती म्हणाली, "आज सांगून जमंना व्हय?" शेवटी कसाबसा एक थरथरता पाच जमला. रंग ओला असतानाच मी मोटार घेऊन अण्णांकडे पळालो.

ताईनं मोटार त्यांच्यापुढे धरली. अण्णांनी बराच वेळ बघितली. मग कॉपी करणाऱ्या पोराकडे बघायचे तसं माझ्याकडे बघितलं.

"हे कुणी काढलं?"

"तुम्हीच की, अण्णा. माझा रंग काढला, तर खाली तुमचा निघाला."

"माझा पाच असा?" अण्णांचा आवाज चढला. "आरं, माझा आजारी होता. ह्यो नाटक करतोय! सरळ काढून माझी लाज काढलीस ती काढलीस, आता तुला धड वाकडंबी काढाय येत न्हाय? पूस! पूस आधी ते!"

मी घाईघाईनं सदऱ्याच्या टोकानं पुसलं. अण्णांचा मांडीवरचा हात उचलला गेला. बोटं उघडायला वेळ लागला, पण उघडली.

"मीनाक्षी, ब्रश आण. आणि तू रं, रंगाची डबी धर. हलवू नको."

ताईनं पटकन तोंड भिंतीकडे वळवलं. अण्णांचा हात डबीपाशी येईपर्यंत तीनदा चुकला, चौथ्यांदा ब्रश बुडाला. पाचाचं पोट पुन्हा खिडकीवर ओघळायला लागलं. माझी बोटं ते सावरायला शिवशिवत होती. मी दोन्ही हातांनी डबी धरून उभा राहिलो.