एक किक मारा की, राव

जुन्नरच्या बाजारातले भांडीवाले शेठ सत्तरीचे आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना किक मारायला मनाई आहे, मोटरसायकल चालवायला नाही, असं तेच सांगतात. रोज सकाळी ते कुणालातरी किक मारायला लावतात आणि ओझरला जातात. तिथं इंजिन चालू ठेवून बाहेरूनच गणपतीला हात जोडतात.

परवा त्यांनी मला थांबवलं. मी म्हटलं, "शेठ, पडलात म्हणजे? विका आता ही."

"भीती मलाबी वाटती. पण दुकानात बसलो की लोक गुडघ्याचं विचारतात. हिच्यावर बसलो की विचारतात, ॲव्हरेज किती देती?"

मी किक मारली. पाचव्या किकला गाडी सुरू झाली आणि माझा गुडघा कटकन वाजला.

"बसा मागं," शेठ उत्साहानं म्हणाले. "माझा डॉक्टर लई चांगला हाय."