विंगेतला खोकला

थंडी पडली की नाटकांचा हंगाम सुरू होई, आणि थंडी पडली की आमच्या मामांचा खोकलाही सुरू होई. हा मुहूर्त कोणी जुळवला होता, देव जाणे. मामा प्रॉम्प्टर होते. नवं नाटक आलं की विंगेत खुर्ची टाकून बसायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानावर घालायचा. नाटक रुळलं, संवाद पाठ झाले की मामा पुढच्या हंगामापर्यंत रिकामे. म्हणजे या माणसाचं पोट लोकांच्या विसरभोळेपणावर चालायचं.

त्या वर्षी मॅनेजरने स्पष्टच सांगितलं, की पहिल्या प्रयोगाला विंगेतून खोकला ऐकू आला तर पुन्हा येऊ नका. तोही बिचारा काय करणार? आदल्या हंगामात नायिका प्राण सोडत असताना मामा असे खोकले होते, की प्रेक्षागृह हसलं होतं. मामींनी त्यांचं गार पाणी बंद केलं, गळ्याला मफलर गुंडाळला, खिशात खोकल्याच्या गोळ्या कोंबल्या. मामा मुकाट्याने सोसत होते. मला एवढंच म्हणाले, "ती खुर्ची गेली तर मी संध्याकाळी करू काय?"

पहिल्या प्रयोगाला मामी आणि मी पुढे, विंगेच्या बाजूलाच बसलो होतो. दुसऱ्या अंकात म्हातारा बाप परागंदा मुलाच्या खोलीत एकटाच बसतो. ते काम करणाऱ्या ज्येष्ठ नटाला मामा थट्टेने नटवर्य म्हणत. सगळीकडे चिडीचूप होतं आणि नेमका तेव्हाच विंगेतून खोकला आला. दाबून धरलेला, त्यामुळे जास्तच विचित्र. मामींनी माझा हात घट्ट धरला.

नटवर्यांनी विंगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते स्वतःच खोकायला लागले. खुर्चीची पाठ धरून, कमरेत वाकून, मामांची उबळ थांबेपर्यंत खोकत राहिले. मग घसा साफ करून पुढचं वाक्य घेतलं. कोणी हसलं नाही. माझ्या मागच्या बाई तर डोळे पुसत होत्या.

पडदा पडल्यावर मॅनेजर म्हणाला, तो खोकला झकास होता, रोज ठेवा. मामा मफलर आवरून निघायच्या तयारीत होते. नटवर्यांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "तुम्ही कुठे निघालात? मला खोकायची आठवण कोण करणार?"

त्यानंतर ते नाटक कितीही रुळलं तरी मामांची खुर्ची हलली नाही. मला नटवर्यांच्या पाया पडावंसं वाटायचं.

मामा गेले, त्याच्या पुढच्या थंडीत ते नाटक पुन्हा लागलं. नको नको म्हणत मामी आल्या. दुसऱ्या अंकात तीच शांतता झाली. नटवर्य थांबले. जरा जास्तच थांबले, विंगेकडे कान देऊन. मग एकटेच खोकले.

शेजारी पर्स उघडल्याचा आवाज झाला. मामींनी सवयीने गोळी काढली होती, आणि ती कोणाला द्यायची ते त्यांना कळत नव्हतं.