निमोण्याची सव्वीस जानेवारी आणि अक्काची सुरगाठ

थोरल्या बहिणीचा, अक्काचा, निमोण्याहून फोन आला. "बापू, पंचायतीनं ठरवलंय, औंदा सव्वीस जानेवारीचा झेंडा गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं फडकवायचा. म्हंजी मी! दोरी अडकली तर पोरं हसतील रं. तू ये." एवढं ऐकल्यावर दौंडात पाय ठरेना.

पहाटे साडेपाचला मुलाच्या गाडीतून नातीला घेऊन निघालो. चौफुल्याला चहा आणि गरम भजी. केडगाववरून पुढे पारगावच्या पुलावर भीमा ओलांडायची, मग न्हावरे, तिथून निमोणे जवळच. एसटीने येणार असाल तर न्हावऱ्याला उतरून वडापची, म्हणजे सीटवर पैसे घेणारी, जीप बघा. जानेवारीत उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालतात, तेव्हा अर्धा तास जास्तीचा धरूनच निघा.

गाडीत नातीनं विचारलं, "आबा, पंधरा ऑगस्टलाही झेंडा, आजही झेंडा. मग फरक काय?"

म्हटलं, "तेव्हा तो खालून वर चढवतात. त्या दिवशी देश मोकळा झाला ना! आज तो आधीच वर बांधलेला असतो, नुसता उलगडायचा. आज घटना लागू झाली. मेंढक्याचं मत आणि पाटलाचं मत एका तोलाचं ठरलं."

"मग तुमच्या वडलांनी मत दिलं?"

कुठलं मत! आम्ही धनगर. दिवाळी सरली की वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. मतदान आलं की आम्ही घाटाखाली. पंधरा ऑगस्ट तेवढा गावात सापडायचा, सव्वीस जानेवारी कधीच नाही. मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलो. अक्काच्या वाट्याला तेही आलं नाही.

शाळेच्या मैदानात अख्खं गाव लोटलेलं. अक्का इरकली नेसून खांबापाशी उभी. पोरं सावधान झाली. अक्कानं दोरी ओढली. झेंडा हलेना. पुन्हा ओढली. वर नुसती पुरचुंडी डुलली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. अक्काचा चेहरा उतरला. तिचा मुलगा संपत पुढे धावला, "आई, सोड, मी वढतो."

अक्कानं त्याच्याकडे पाहिलं. "गाठ कुणी मारली?"

"मीच. सुटू नये म्हनून घट्ट मारली."

"आरं येड्या, निरगाठ मारलीस! वढशील तेवढी आवळंल. घे खाली."

झेंडा खाली आला. जमिनीला लागू नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांवर झेलला. मग निरगाठ सोडून, मेंढरं रात्री कोंडायचं वाघरीचं जाळं खुंट्याला बांधताना मारायची ती सुरगाठ तिनं डोळे झाकून मारावी तशी मारली. दांडग्या वाऱ्यात टिकणारी, पण एका हिसक्यात सुटणारी. झेंडा परत वर गेला. अक्कानं दोरीला जरासा झटका दिला, झेंडा उलगडला आणि आत बांधलेल्या झेंडूच्या पाकळ्या तिच्याच डोक्यावर पडल्या.

"बघा गुरुजी," ती म्हणाली, "फुडच्या वर्साला मला आधी बोलवा, गाठीला."

गुरुजींसकट सगळे हसले. आता ते हसू तिला लागलं नाही.

दुपारी भाकरी, पिठलं, ठेचा खाऊन संध्याकाळी दौंडात परतलो. तिकडे जे पाहिलं ते डोक्यातून जाईना. ज्या दिवसानं आम्हाला बरोबरीचं केलं, त्या दिवसाला हात लावायला अक्काला ऐंशी वर्षं ओलांडावी लागली. तेवढ्यात तिचाच फोन.

"बापू, सगळी गानं म्हनत व्हती. मी नुसतीच उभी. मला येत न्हाई रं. शिकीव."

मी 'जन गण मन' म्हणायला लागलो, तर तिनं मला अडवलं.

"थांब की जरा. आधी उभी ऱ्हाते."