काळी चंद्रकळा

आमच्या या हिंदी भाषिक गावातल्या बडा बाजारात तीळ भाजल्याचा वास आला की आजही माझी मान खाली जाते.

मी आठवीत होते. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, पण थंडी असतेच आणि काळं ऊब धरतं, म्हणून त्या संक्रांतीला आई काळी चंद्रकळा नेसली होती. मैत्रिणीने विचारलं, "त्योहार पे काला? कोई गुज़र गया क्या?" आपली रीत सांगितली तर ती हसेल या भीतीने मी "हाँ" म्हणून टाकलं.

संध्याकाळी आई मला घेऊन तिळगूळ वाटायला निघाली. पहिल्याच दारात मैत्रिणीच्या आईने सुतक समजून हात मागे घेतला. "बिटिया ने बताया, कोई गुज़र गया। ऐसे में मीठा कैसे लें, भाभीजी?"

आईने माझ्याकडे पाहिलं आणि डबा बंद केला. ती तिथूनच घराकडे वळली.

पुढच्या संक्रांतीला ती पिवळी साडी नेसली आणि, खरं सांगते, मला हायसं वाटलं.