सरकारी फडक्याखाली माखाउताची खुरपणी

आमच्या डोंगरांत घरावर काय फडकतंय ते बघून माणूस पाय वळवतो. लाल फडकं म्हणजे मांस, हिरवं म्हणजे भाजी, आणि पांढरं म्हणजे ज्वारीची बिअर उतरली आहे, या. फडक्यावर कोणी काही लिहीत नाही, कारण पलीकडच्या डोंगरावरून अक्षरं दिसत नाहीत. फडकं वर असताना आलेल्याला कोरड्या घशाने परत पाठवणं मात्र कोणाला परवडत नाही. तशी एक घटना माझ्या आजोबांच्या काळात घडली होती. त्या घरातल्या मुलींची लग्नं अजून अवघड जातात.

माखाउताच्या घरावर पांढरं फडकं होतं ते नवरा खाणीत कामाला होता तेव्हापासून. खाणीने नवरा परत केला तो खोकत, नंतर तो खोकलाही थांबला. मुलगा शहरात गेला तो तिकडचाच झाला. माखाउताकडे उरलं ओढ्याकाठचं शेत, मडकी आणि जीभ. तिन्हींची मशागत ती नियमित करायची.

शेत एकटीला आवरणारं नव्हतं. पण आमच्याकडे त्याला लेत्सेमा असते: ज्याचं शेत त्याने बिअर करायची, बाकीच्यांनी कुदळी घेऊन यायचं, खुरपत गायचं आणि संध्याकाळी मडकी रिकामी करून जायचं. मजुरी देऊ केली तर लोक रागावतात. माखाउताची लेत्सेमा मात्र दोन वर्षं पावसाने बुडवली होती आणि दोन्ही वर्षं शेतात तणच पिकलं. तिसऱ्या वर्षीही शेत पड राहिलं, तर ते काढून दुसऱ्याला देण्याचा अधिकार गावच्या मोरेनाला, म्हणजे प्रमुखाला होता. हा दुसरा कोण असणार, हेही ठरलेलं होतं. मोरेना मोएकेत्सीला लेबुसा नावाचा पुतण्या होता. लेबुसाचा बाटल्यांचा बार होता हमरस्त्यावर, म्हणजे गावाच्या हद्दीबाहेर. बार हद्दीच्या आत आणायला त्याला हे शेत हवं होतं.

अशा वेळी राजधानीतून लिमाकात्सोबाई नावाच्या अधिकारी आल्या. त्यांच्याजवळ एक तक्ता होता आणि त्यावरची रेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेली होती. देशात माणशी बिअरचा पुरवठा वर्षागणिक घटतोय, लोक सुधारतायत, असा त्याचा अर्थ त्यांनी सांगितला. मी शाळामास्तर असल्याने तो तक्ता धरून उभं राहण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यात कारखान्यात भरलेली बिअर तेवढी मोजली होती. खाणी बंद पडल्या, बाटलीला पैसे राहिले नाहीत आणि माणसं घरच्या मडक्याकडे वळली. मडकं कोणी मोजत नाही, त्यामुळे कागदावर आम्ही दिवसेंदिवस सज्जन होत चाललो होतो.

मोरेनाने हे श्रेय आनंदाने घेतलं. येत्या शनिवारी गावाला ‘बिअरमुक्त गाव’ हा मान मिळणार, तेव्हा आजपासून सगळी पांढरी फडकी खाली, असा हुकूम निघाला.

हुकूम बजावायला मोरेनाचा शिपाई त्सेको माखाउताच्या अंगणात आला. आमच्याकडे मोठ्या बाईला म्मे, म्हणजे आई, आणि मोठ्या पुरुषाला न्ताते, म्हणजे बाबा, म्हणतात.

"म्मे माखाउता, फडकं उतरवा. मोरेनाचा हुकूम आहे."

"हुकूम मला की फडक्याला?"

"फडक्याला."

"मग त्यालाच सांग. मी शिडी धरायची नाही."

त्सेको स्वतःच चढला, फडकं काढलं, घाम पुसत खाली आला आणि हळूच म्हणाला, "म्मे, एक मगभर..."

"फडकं कुठंय, बाळा? फडकं नाही तर बिअर नाही. हुकूम आहे."

शनिवारीच तिची लेत्सेमा होती. बिअर फसफसायला लागली होती आणि ती काही मोरेनाच्या सोयीने थांबणार नव्हती. दोन दिवसांत आंबून ओतून द्यावी लागली असती. गावातले लोक मोरेनाच्या धाकाने येणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. पलीकडच्या डोंगरांवरचे आले असते, पण त्यांना कळायला फडकं हवं. ती तडक चावडीवर गेली.

"मोरेना, लोकांना कळणार कसं?"

"निरोप पाठव."

"तीन डोंगरांवर? माझ्या गुडघ्यांबरोबर?"

"म्मे, पड शेताचा कायदा मी केलेला नाही."

"कायदा तुमचा नाही, न्ताते. पुतण्या तुमचा आहे."

चावडीवरचे म्हातारे एकदम आपापल्या अंगावरच्या ब्लँकेटांच्या विणीत गढून गेले.

"जीभ फार चालते तुझी!" मोरेना म्हणाला.

"शेत बसवून ठेवलंत, जीभ तरी चालू द्या. पण ऐकून ठेवा. बिअर मी ओतायची नाही. शनिवारी एकटी खुरपीन, एकटी गाईन आणि एकटी पिईन. मग कोणी म्हणू नका, म्हातारी रात्रभर ओरडत होती."

शनिवारी ती खरंच एकटी शेतात उतरली. वर चावडीपुढे खुर्च्या मांडल्या होत्या. लिमाकात्सोबाईंनी मानाचं कापड आणलं होतं: चांगलं चादरीएवढं, पांढरंशुभ्र, त्यावर लाल अक्षरांत ‘बिअरमुक्त गाव’. मोरेनाने ते स्वतःच्या हाताने गावातल्या सर्वांत उंच खांबावर चढवलं. वारा चांगला होता.

भाषण रंगात येईपर्यंत पहिले घोडेस्वार ओढा ओलांडून आले. त्यांच्यामागून पायी येणारे, मग आणखी घोडे. प्रत्येकाच्या हातात पत्र्याचा मग. एवढं मोठं फडकं त्या खोऱ्यात कोणी पाहिलं नव्हतं; मोरेनाच्या घरी मोठं कार्य असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. एका म्हाताऱ्याने घोड्यावरूनच रामराम केला आणि मग पुढे धरला.

"इथं बिअर नाही!" मोरेना म्हणाला. "वाचा की वर काय लिहिलंय!"

"वाचायला आलो नाही, मोरेना. प्यायला आलो. फडकं तुमचं ना?"

मोरेनाने वर पाहिलं. फडकं त्याचंच होतं. त्याला तीन अविवाहित मुली होत्या.

त्सेको धावत शेतात गेला. मीही मागोमाग गेलो, तक्ता गुंडाळून.

"म्मे, मोरेना बिअर विकत मागतायत. म्हणाल ती किंमत."

माखाउताने मान वर केली नाही. "विकायची नाही. लेत्सेमाची आहे. खुरपेल तो पिईल."

"आणि मोरेना?"

"का? मोरेनाला हात दिले नाहीत?"

हे उत्तर त्सेकोने चावडीवर पोचवलं, बहुधा जरा सौम्य करून. पण म्हातारा घोड्यावरून उतरला, जीन सोडलं आणि म्हणाला, "कुदळ आहे का कोणाकडे?" पाहुणा खुरपायला निघाल्यावर गाववाल्यांना बसवेना. घराघरांतून कुदळी निघाल्या. गाणं सुरू झालं. सगळ्यांत शेवटी मोरेना मोएकेत्सीने ब्लँकेट खांद्यावरून मागे टाकलं आणि एक अख्खी ओळ खुरपली, वाकडी. माखाउताने ती त्याच्यादेखत पुन्हा खुरपली.

"ही शेती कुठल्या योजनेतली?" लिमाकात्सोबाईंनी मला विचारलं.

"जुन्या," मी म्हणालो.

संध्याकाळी पहिला मग रिवाजाप्रमाणे माखाउता स्वतः प्यायली, दुसरा तिने म्हाताऱ्याला दिला. मोरेनाचा नंबर रांगेप्रमाणे आला. बाईंनीही घेतला, मग पुन्हा घेतला. विक्री झालेली नसल्याने अहवालात गावाची बिअर त्यांनी शून्य लिहिली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माखाउता चावडीपुढे जाऊन खांबाखाली उभी राहिली.

"हे काढून द्या मला."

"का?"

"तुमच्याकडे राहिलं तर पुढच्या शनिवारी परत येतील लोक. बिअर कुठून देणार, मोरेना?"

त्सेकोने शिडी लावली. ह्या वेळी तिने ती धरली.

त्या वर्षी ओढ्याकाठी ज्वारी माणसाच्या डोक्यावरून गेली, आणि लेबुसाला हद्दीबाहेरच राहावं लागलं. ‘बिअरमुक्त गाव’ अजून माखाउताच्या छपरावर फडकतं. बिअर उतरली की ती ते चढवते, संपली की घडी घालून ठेवते. हुकूम अजून कायम आहे. पण सरकारने दिलेलं मानाचं कापड उतरवा, असं सांगायला त्सेको काही तिच्या अंगणात गेलेला नाही. प्यायला जातो.