नाव झालं सगुणामावशीच्या हातांचं

ही गोष्ट मी आजपस्तोर कोणाला सांगितली न्हाई. बायकोला न्हाई, फादरला न्हाई. देवाला सांगायचं काम पडलं न्हाई, त्यो तिथंच होता. मंग तुम्हाला काहून सांगून राह्यलो? मलाबी बराबर कळत न्हाई. तुम्ही मला ओळखत न्हाई, म्हणून असंल.

मी वाटूर फाट्यावर पंक्चर काढतो. शाळेत दुसरीपस्तोर गेल्तो. मंग मास्तरच म्हणले, तू येऊ नको बाबा, तुझ्यापायी बाकीची पोरं शिकंना झालीत. तव्हापासून एकच काम, लोकांना हसवायचं. नाताळच्या नाटकात गाढव म्हणलं की मीच. एका साली गाढवाला एवढ्या टाळ्या पडल्या, की योसेफ झालेला गडी दोन महिने माझ्याशी बोलला न्हाई.

— बघा. सांगायचं एक, आन् लगेच जोक सुरू झाला. माझं असंच होतं. सांगायला बसलो की तोंड दुसरीकडंच पळतं.

आमचं चर्च म्हणजे पत्र्याचं लांब घर. खाली सतरंज्या. बाप्ये एकीकडं, बाया एकीकडं, मधून वाट. ज्यांचे गुडघे गेले त्यांच्यासाठी वाटेला लागून चार प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातली पहिली सगुणामावशीची. नात्यानं ती माझी कोणी न्हाई, सगळ्या वस्तीचीच मावशी. जिंदगी खुरपण्यात गेली तिची. म्हातारपणी बाप्तिस्मा घेतला. वाचता येत न्हाई म्हणून चर्चच्या सिस्टरच्या मागं मागं म्हणत दोन वर्सं प्रार्थना पाठ केल्या, तव्हा कुठं तिला पहिला ख्रिस्तप्रसाद मिळाला. हात थरथरायचे तिचे. चहाची बशी धरली की खडखड आवाज यायचा. पण मिस्सामधी, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादरच्या म्होरं ती हात पुढं करायची — आन् तेवढ्यापुरते ते हात निवांत व्हायचे. मी बघितलंय.

प्रसाद म्हणजे काय, तर पांढरी पातळ चकती, रुपयाएवढी. ना मीठ, ना साखर. पण आमच्यासाठी ती म्हणजे खुद्द येशूच. ती तोंडात ठिवून मावशी खुर्चीवर यायची, पदर तोंडावर ओढायची आन् हसायची. आवाज न्हाई, नुसते खांदे हलायचे. एकदा मी विचारलं, "मावशी, काय जोक झाला व्हय तिथं?"

म्हणली, "मेल्या, घरी पाहुणा आल्यावर तोंड पाडून बसू का?"

मी एवढ्या वर्सांचा हसवणारा, पण असं हसू मला कोणाच्या तोंडावर आणता आलं न्हाई. त्याचा राग होता का मला? असंल बी. पण रागानं केलं म्हणलं तर तेबी खोटंच. केलं ते निव्वळ भ्यालो म्हणून.

प्रसादाच्या आधी घंटाभर तोंडात काही टाकायचं न्हाई, असा नेम हाय. आन् त्या टायमाला तर मी तंबाखूच सोडल्ती — म्हणजे सगळ्यांसमोर. उपासाचे चाळीस दिवस लागले की फादर विचारतात, कोण काय सोडणार? मी उठलो, खिशातली पुडी वर करून दाखवली आन् सिस्टरच्या हातात दिली. टाळ्या पडल्या. बायकोच्या डोळ्याला पाणी आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नवी पुडी घेतली. चोवीस घंटेबी निघाले न्हाईत.

पुढच्या रविवारी सतरंज्या हातरायची पाळी माझी होती. हातरून झाल्या, चर्चमागं जाऊन तंबाखूचा बार भरला. म्हणलं, टाइम हाय अजून. तेवढ्यात फादरची मोटारसायकल आली, रोजच्यापेक्षा जल्दी. कोणीतरी हाक मारली, मी तसाच आत पळालो. थुकायचं राहूनच गेलं. मिस्साभर गालात धरून बसलो. गाण्याला नुसते ओठ हलवले. रस गिळून गिळून पोटात आग पडली.

प्रसादाची रांग लागली. बसून राह्यलो असतो तर काय झालं असतं? काहीच न्हाई. लई तर घरी बायकोनं विचारलं असतं. पण तिनं वळून माझ्याकडं बघितलं, मला त्या टाळ्या आठवल्या, आन् मी उठलो.

फादर म्हणले, "ख्रिस्ताचं शरीर." मी म्हणलं, "म्म." आमेन म्हणायला तोंड रिकामं कुठं होतं? चकती हातावर घेतली, हात तोंडापस्तोर नेला, आन् वळता वळता शर्टाच्या खिशात सोडली. वाटलं, मिस्सा सुटली की चूळ भरीन, मंग घेईन. मनात म्हणलं, येशूबाबा, जरा थांब. असं म्हणलं मी — त्याला, खिशात घालून.

परत येताना मावशीची काठी वाटेत पडल्ती. वाकलो, उचलून तिला दिली. खिसा कव्हा उलटा झाला, कळलंबी न्हाई.

मिस्सा सुटल्यावर सिस्टरला ती चकती दिसली, मावशीच्या खुर्चीच्या पायापाशी. सिस्टर तिथंच गुडघ्यावर बसल्या. फादर आले, चकती उचलली, स्वतःच्या तोंडात ठेवली. ओल्या फडक्यानं जागा पुसली. रागावले बिलकुल न्हाई. "कोणाच्या हातून पडली असेल तर घाबरू नका," एवढंच म्हणले.

आन् सगळ्यांची नजर गेली मावशीच्या हातांवर.

तिनंबी बघितलं आपल्या हातांकडं. म्हणली, "पण मी तर खाल्ला ना, फादर? का न्हाई खाल्ला? माझ्याच हातून पडला असंल. ह्या हातांचा काय भरवसा?"

मी चार पावलांवर उभा. खिसा चाचपला, रिकामा. तोंड उघडलं असतं तर तंबाखू दिसली असती, म्हणून उघडलं न्हाई. एवढंच कारण हाय. दुसरं धुंडलं मी, लई धुंडलं. सापडलं न्हाई.

पुढच्या रविवारी मावशी खुर्चीवरून उठलीच न्हाई. फादर चालत तिच्यापाशी आले. "मावशी, जिभेवर घ्या, मी ठेवतो." तिनं हात पदराखाली घेतले. "नको फादर. मान बी हलती माझी. पुन्हा सांडला तर मला सोसायचं न्हाई." सिस्टर घरी जाऊन समजावून आल्या. न्हाई म्हणजे न्हाई.

आन् मी काय केलं? बाहेर चपला घालताना सगळ्यांसमोर म्हणलं, "मावशी, तू चल, मी खाली परात धरून उभा राहतो!" लोक हसले. लई हसले. मावशीबी हसली जराशी. माझ्या सगळ्या जोकात हाच जास्त चालला. अजून सांगतात लोक.

दोन वर्सं होत आली. तंबाखू सुटली, खरंच सुटली, त्याच रविवारपासून. फादर दुसऱ्यांना माझं उदाहरण देतात. कबुलीला जातो मी — बायकोवर वरडलो, एकाला शिवी दिली, ट्यूब चांगली असताना पंक्चर सांगितलं — असली पापं सांगतो की फादरला हसू आवरत न्हाई. हे एक तेवढं गिळून परत येतो. मोठं पाप लपवून प्रसाद घेऊ न्हाई, सिस्टर शिकवतात. म्हाईत हाय मला. तरी घेतो. न घेतला तर लोक विचारतील ना.

आन् आता सांगतो ते त्याहून वंगाळ हाय. मला आनंद होतो. तोंड साफ असतं, चकती जिभेवर आधी कागदावानी लागती, मंग विरघळती, मंग काहीच न्हाई — आन् छातीतलं काहीतरी सुटं होतं. सगळी वस्ती एका रांगेत उभी, ज्याच्याशी भांडलो त्योबी म्होरंच उभा, आन् सगळ्यांना तेवढीच एक चकती. मावशीला कशाचं हसू यायचं, ते मला आता कळून राह्यलं. तिचं बंद झालं आन् माझं सुरू झालं. असा आनंद कडू नको का लागायला? लागत न्हाई. तेच कुठं बसू देत न्हाई मला. ट्यूब पाण्यात बुडवतो आन् बुडबुडे कुठून आले, बघायचंच राहून जातं.

परवाच्या रविवारी रांगेतून परत येताना मावशीनं माझी बाही धरली. हळूच म्हणली, "याकोबा, कसा लागतो रे? इसरून गेले मी."

एवढा बोलका मी. म्हणलं, "फिका, मावशी."

"हां," म्हणली. "फिकाच होता."

तिचं घर माझ्या दुकानाच्या मागंच हाय. खरं सांगायला सोमवारी गेलो न्हाई. मंगळवारी न्हाई. आज मावशी दारात बसून तुरीच्या शेंगा सोलून राह्यली. हात थरथरून राह्यलेत, पण दाणा बराबर सुपात पडतोय. बाहेर एकबी न्हाई. मी इथून बघून राह्यलो.