दार कोणी लावलं होतं

"फितुराचं काम तू कर," सर म्हणाले. "तुमच्या रक्तातच हाय ते."

सातवीचा सगळा वर्ग खो-खो हसला. काष्टीजवळच्या आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं, नाटक किल्ल्याच्या लढाईचं. राजा, सरदार, शिपाई, सगळी कामं वाटून झाली होती. राहिला फक्त किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून शत्रूला आत घेणारा. एकाही पोराला तो नको होता. मग सरांनी मला उभं केलं. मुलगी असूनही. वर्गात बौद्धवाड्यातली मी एकटीच.

घरी जाऊन रडले. माझे वडील, दादा, टेम्पो चालवायचे. त्यांनी हातपाय धुतले, शेजारी बसले.

"आपला खापरपंजा गावाचा वेठबिगार हुता. पिढ्यान् पिढ्या फुकट राबायचं. पायात वहाण घालायची न्हाई, सोडून जायची सोय न्हाई. इथल्या राज्याशी गोऱ्यांची लढाई लागली तवा त्यो गोऱ्यांच्या फलटणीत गेला. तितं त्याच्या पायात बूट आला."

"म्हंजी फितूरच ना, दादा?"

ते चिडले नाहीत. "आगं, दार आतनं उघडतो त्यो फितूर. आपल्याला वेशीच्या आत घेतलंच कवा हुतं?"

ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच.

गॅदरिंगला पुठ्ठ्याचा दरवाजा केला होता. मला आतल्या बाजूला उभं राहायचं होतं. मी बाहेर जाऊन उभी राहिले. विंगेतून सर दबक्या आवाजात ओरडत होते, "आत ये! आत ये!"

मी माईकवर म्हणाले, "मला आत ठेवलंच नव्हतं, सर. दार उघडू कुठून?"

सरांनी पडदा पाडला. पुढं वर्षभर बाकावर मी एकटी. एक मैत्रीण होती, तीही दप्तर उचलून मागे गेली. मला वाईट वाटलं. फार वाटलं. खोटं कशाला बोलू?

आज मी पारनेरकडच्या एका शाळेत इतिहास शिकवते. स्टाफरूममध्ये माझा डबा अजून एकटाच उघडतो. परवा मुख्याध्यापक नाटकाची वही घेऊन आले. तसलंच नाटक.

"मॅडम, फितुराला कोणी मिळेना. तुमच्यातली एखादी पोरगी बघा की."

मी वही घेतली. 'फितूर' खोडलं. वर लिहिलं, 'वेशीबाहेरचा माणूस'. अक्षर नीट काढलं.

"पोरगी मिळणार नाही," मी म्हणाले. "हे काम मी करते. आणि नाटक दार उघडण्यापासून सुरू होणार नाही. ते आतून लावलं कोणी, तिथून होईल."